कोमट

३ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

"पाय धुतल्याशिवाय आत यायचं नाही," असं आई एकदा बाबांना म्हणाली होती. तशी रोजच म्हणायची, पण मला एकदाचंच आठवतं. बाबा दारात उभे होते, बूट काढून हातात धरलेले. हसून म्हणाले, "अगं, पाय धुऊन काय होणार? डोंगर आता रक्तात उतरलाय." आई हसली नाही. तिने पाण्याची बादली पायानेच पुढे सरकवली.

तुला हे ठोंब्याने सांगितलं असेल. पण माझा भाऊ कुठलीही गोष्ट अर्धीच सांगतो, म्हणून मी पुरी करते. बाबांनी सगळी नोकरी कचरा डेपोवर काढली. गावभराचा कचरा तिथे यायचा आणि बाबा बुलडोझरने तो दाबून बसवायचे. दाबून दाबून त्याचा डोंगर झाला. आम्ही घरात त्याला डोंगरच म्हणायचो. मग डेपो बंद झाला, वर माती पडली, गवत आलं, आणि काही वर्षांनी तिथे घरांच्या ओळी उभ्या राहिल्या. आता त्याला टेकडी म्हणतात. तुमचं घर त्या टेकडीवर आहे, आणि बाबा गेल्यापासून आई तुमच्याकडे आहे. म्हणजे जी बाई डोंगराची धूळ उंबऱ्याच्या आत येऊ देत नव्हती, तिला आम्ही नेऊन डोंगरावरच बसवलं. हे मला आत्ता, एवढ्या उशिरा सुचतंय. सुचतंय म्हणून वाईट वाटतंय असंही नाही. नुसतं सुचतंय.

फोनवर तू "सगळं मजेत" म्हणतेस. आई शेजारी बसलेली असते आणि फोन तिच्यासाठी मोठ्या आवाजावर ठेवलेला असतो, हे मला कळतं. म्हणून पत्र लिहितेय. पत्राला कान नसतात. मला खरं कळव. आईचे पाय कसे आहेत? डायबिटीसने ते बधिर झाले त्याला किती वर्षं झाली, तीसुद्धा विसरली असेल. सोबत एक तेल पाठवतेय. इथे आमच्या कामावरच्या एकीच्या सासूला त्याने गुण आला. रात्री तळपायांना चोळायचं. नाक मुरडू नकोस, वास उग्र आहे.

आणि त्या घराचं काय? जमीन बरी आहे ना? ठोंब्याला विचारलं की तो म्हणतो, "तू कशाला काळजी करतेस?" हे उत्तर नव्हे.

तुझी,
ताई


२० नोव्हेंबर

ती. ताईंना नमस्कार.

पत्र आणि तेल दोन्ही मिळालं. यांनी पाकीट उलटसुलट करून विचारलं, "ताईचं? काय म्हणतेय?" मी म्हटलं, "तेल पाठवलंय." तेवढंच सांगितलं.

तुम्ही खरं कळव म्हणालात. घर चांगलं आहे. उजेड येतो, पाणी येतं, शेजार भांडकुदळ नाही. जमीन मात्र खाली जाते. मूळ घर खांबांवर उभं आहे, ते हलत नाही; भोवतालची माती बसत जाते. त्यामुळे मागच्या दाराला आधी एक पायरी होती, आता तीन आहेत. सगळ्यांच्याच दारांना आहेत. कोणी पाहुणा आला की शेजारचे काका म्हणतात, "या, आमचं घर दरवर्षी उंच होतं."

अंगणात जागोजागी लोखंडी पाइप उभे आहेत, वरून वाकवलेले. खालचा वायू त्यातून बाहेर जावा म्हणून. महिन्यातून एकदा ऑफिसातून एक माणूस येतो, पाइपात नळी घालतो आणि यंत्रावरचा आकडा लिहून नेतो. त्याला सगळे नळीवाला म्हणतात. विचारलं तर तो म्हणतो, "ठीक आहे." ठीक नसलं तर काय म्हणतो, ते अजून ऐकलेलं नाही.

मागची खोली तुम्ही पाहिलेली नाही. आईंना जिना चढायला नको म्हणून यांनी ती अंगणात वाढवून घेतली. घर घेतानाच सांगितलं होतं की अंगणात खोदायचं नाही, बांधायचं नाही. पण या ओळीत सगळ्यांनीच बांधलंय. हे म्हणाले, "माझ्या आईने म्हातारपणी सोफ्यावर झोपायचं का?" तेव्हा मला ते बरोबर वाटलं. अजूनही वाटतं. खोलीची फरशी जमिनीवरच आहे, त्यामुळे ती मागच्या भिंतीकडे थोडी उतरलीय. मी गणवेश शिवायला तिथेच बसते. रीळ हातातून सुटलं की थेट आईंच्या खुर्चीकडे घरंगळत जातं. त्या पायाने अडवतात आणि म्हणतात, "आलं बघ तुझं पळकं पोर."

आता पायांबद्दल. ताई, आईंना बरं वाटतंय. खुर्ची त्यांनी भिंतीजवळच्या कोपऱ्यात ओढून घेतलीय. मोजे काढून ठेवलेत. दिवसभर तळपाय फरशीवर टेकवून बसतात. परवा संध्याकाळी मी दोरा ओवत होते, तर एकदम म्हणाल्या, "पाय परत आले गं." मी विचारलं, "म्हणजे?" तर म्हणाल्या, "म्हणजे आहेत. ऊब लागते."

हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मी म्हटलं, "बरं झालं," आणि दोरा ओवला.

तुमची,
वहिनी


२ डिसेंबर

प्रिय वहिनी,

बघ! तेलाने केलं ना काम? तू नक्की नाक दाबून चोळलं असशील. तरी गुण आला, म्हणजे तेल अस्सल आहे. कामावर सगळ्यांना सांगून झालं. आमच्या मुकादम बाई म्हणाल्या, "आता तू दवाखानाच काढ, धुलाई सोड." मी आणखी दोन बाटल्या पाठवतेय.

माझं काम तुला ठाऊक आहेच, हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरी. धुऊन आलेल्या चादरी इस्त्रीच्या गरम रुळांखालून जातात. पलीकडून मी आणि आणखी एक बाई त्या ओढून घेतो, घडी घालतो. इतकी वर्षं झाली, आता हात आपोआप चालतात. मी आत कुठेतरी बसून बघत असते. कधीकधी घरी येताना बसमध्ये आठवत नाही की आज दिवसभर काय केलं. वाईट काही नाही त्यात. पण आईचे पाय परत आले हे वाचलं तेव्हा मी पत्र दोनदा वाचलं. आमच्या घरात काहीतरी परत आलं, असं किती दिवसांनी झालं.

ठोंब्याला सांग, खोली बांधलीस ते चांगलं केलंस. त्याचं कौतुक माझ्या तोंडून व्हायला मुहूर्तच लागतो.

तुझी,
ताई


१७ डिसेंबर

ती. ताई,

रागावू नका. तुमचं तेल पहिल्या दिवसानंतर लावलेलंच नाही. आईंनीच "नको तो वास" म्हणून बाटली परत दिली. ती मी शिवणयंत्रावरच्या फळीवर ठेवली. मागचं दार खाली घासत होतं, त्याच्या बिजागरीला थोडं घातलं. दाराला गुण आला.

तुम्ही एवढ्या खुशीत होतात, म्हणून लिहिणार नव्हते. पण मग तेल नाही, तर पाय कशाने परत आले? तुमचं पत्र वाचून होईपर्यंत मी हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता.

आई आंघोळीला गेल्या तेव्हा मी त्यांच्या खुर्चीखाली हात लावून पाहिला. फरशी गरम होती. ऊन तिथे येत नाही. पाण्याची नळी त्या बाजूला नाही. खोलीत इतरत्र फरशी गार होती, तेवढाच कोपरा गरम. मग आठवलं, की थंडी पडल्यापासून ओळीतली सगळी मांजरं आमच्याच भिंतीबाहेर येऊन झोपतात. मी त्यांना हाकलत होते.

यांना सांगितलं. म्हणाले, "थंडीत फुकटची शेकोटी मिळाली, आणि तू तक्रार करतेस?"

मी म्हटलं, "खाली काय आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

"खाली माती आहे. माणूसभर उंच माती टाकलीय त्यावर. मंजुरी उगाच देतात का?"

"मग गरम का आहे?"

"कपाटामागून वायर गेली असेल."

वायर गेलेली नाही. त्यांनी उठून पाहिलंही नाही. ताई, तुमचा भाऊ दिवसभर लोकांना गाडी शिकवतो, ब्रेक कधी दाबायचा ते सांगतो. घरात मात्र पाय उचलून बसतो. पण त्यांना मी दोष देत नाही. खोली त्यांनी बांधली आहे. ते तिथे वाकून हात कसा लावतील?

आईंना म्हटलं, खुर्ची इकडे उजेडात घेऊ या. तर म्हणाल्या, "माझी तिरडी उठेल तेव्हाच खुर्ची उठेल." गमतीने म्हणाल्या, पण खुर्चीचे हात घट्ट धरून.

माझं या घरात कोणी ऐकत नाही, असं नाही. ऐकतात आणि विसरतात. तुमचा शब्द दोघंही मोडत नाहीत. एकदा या. स्वतः हात लावून बघा, आणि काय ते सांगा.

तुमची,
वहिनी


१९ जानेवारी

ती. ताई,

तुम्ही पोचल्याचा फोन आला. चार दिवस राहिलात, घर भरल्यासारखं वाटलं. आई तर तुम्ही गेल्यावर दोन वेळा तुमच्यासाठी चहा ठेवायला सांगून बसल्या.

तुम्ही आल्या दिवशीच फरशीला हात लावलात. आम्ही तिघं बघत उभे होतो. तुम्ही तळहात चांगला दाबून ठेवलात, मग उठलात, हात झटकलात आणि म्हणालात, "कोमट आहे. एवढंच." यांनी माझ्याकडे पाहिलं. आईंनी तर पाहिलंही नाही, आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या. तेव्हापासून तो या घराचा कायदा झालाय. शेजारचे काका नळीवाल्याला आत बोलावू या म्हणाले, तर हे म्हणाले, "ताई बघून गेली. कोमट आहे."

मीही गप्प बसले. म्हटलं, माझ्याच हाताला चटके बसतात, मीच नाजूक.

पण एक गोष्ट मी तेव्हा पाहिली आणि बोलले नाही. तुम्ही जायच्या दिवशी दूध उतू जात होतं. तुम्ही पातेलं फडक्याशिवाय उचललंत, दोन्ही हातांनी, आणि माझ्याशी बोलत उभ्या राहिलात. मग सावकाश खाली ठेवलंत. मी ते नंतर विसळायला घेतलं तर माझ्या हातून सुटलं. ताई, तुमच्या हातांना गरम किती कळतं? हे मला तेव्हाच विचारायला हवं होतं. डोक्यात आलं आणि गेलं. इथे हल्ली सगळं असंच येतं आणि जातं.

काल आईंच्या कोपऱ्यातल्या कपाटाचा खालचा खण उघडला. वीज गेली तर असाव्यात म्हणून मेणबत्त्या ठेवल्या होत्या. सगळ्या वाकल्यात, एकमेकींना चिकटल्यात.

मग मी आईंचे पाय हातात घेऊन पाहिले. रोज पुसते, पण वरून. उजव्या टाचेला आणि अंगठ्याखाली फोड आलेत. मोठे, पाण्याने भरलेले. एक फुटून सुकलाही आहे. आईंना विचारलं, "दुखत नाही?" म्हणाल्या, "कुठे काय?" यांना बोलावून दाखवलं. म्हणाले, "बूट लागला असेल." गेल्या दोन महिन्यांत आईंनी बूट घातलेला नाही. ते त्यांनाही माहीत होतं.

मी काय करू ते सांगा. तुम्ही सांगितलंत तरच होईल.

वहिनी


२४ जानेवारी

वहिनी,

तुझं पत्र डब्यात ठेवून कामावर घेऊन गेले. रुळांखालून चादर आली. माझ्याबरोबरची बाई सुट्टीवर आहे, तिच्या जागी एक नवीन बाई आलीय. मी चादर उचलून तिच्या उघड्या हातांत दिली. ती किंचाळली आणि चादर खाली टाकली. सगळ्या हसल्या. मीही हसले. मग ती चादर मी उचलली आणि घडी घातली. मला ती कोमट लागली.

आईला तिथून उचल. खुर्चीसकट उचल. ओरडली तर ओरडू दे. पत्र मिळेल त्याच दिवशी डॉक्टरकडे ने. आत्ता फोन करत होते, पण तिकडून आईनेच उचलला आणि म्हणाली, "बोल गं." मी "कशी आहेस" एवढंच विचारून ठेवला. ठोंब्याला हे पत्र वाचायला दे. मी चुकीचं सांगितलं असं माझ्या हाताने लिहिलंय, हे त्याला दिसू दे.

ताई


२६ फेब्रुवारी

ती. ताई,

आई आता तुमच्याकडे येऊन आठवडा झाला. हॉस्पिटलात आपण दोघी एवढे दिवस शेजारी बसलो, पण मागे घरात काय झालं ते बोलायचं राहिलं. तिथे बोलण्यासारखं वाटलंही नाही. तुम्ही खिडकीतून हॉस्पिटलच्या चादरी बघत होतात आणि म्हणालात, "ही घडी आमच्याकडची नाही." मी "हो का" म्हटलं. आत डॉक्टर आईंच्या पायाची दोन बोटं काढत होते.

आता लिहिते.

तुमचं पत्र यांनी वाचलं आणि घडी करून परत दिलं. दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन नळीवाल्याला घेऊन आले. त्याने मागच्या भिंतीलगत जमिनीत भोक पाडून नळी घातली. या वेळी तो "ठीक आहे" म्हणाला नाही. यंत्र बंद करून त्याने विचारलं, "ही खोली मूळची का?"

हे म्हणाले, "नाही. मी बांधली."

"पाया किती खोल घेतलात?"

यांनी हाताने कमरेइतकं दाखवलं.

तो फार समजुतीने बोलला. म्हणाला, वरची माती म्हणजे झाकण, आणि या बाजूला ते कमरेइतकंही जाड नाही. पाया खणताना ते फोडलं गेलं. भेगेतून हवा आत जात राहिली, की खालचा जुना कचरा धुमसायला लागतो. ज्वाळा नाही, धूर नाही. नुसता आतल्या आत, वर्षानुवर्षं. "तुमचीच नाही, या ओळीतली प्रत्येक मागची खोली तशीच आहे," असं म्हणाला. धीर द्यायला म्हणाला असेल. मग तो हेही म्हणाला, की खोलीत वायू साठला असता आणि कोणी काडी ओढली असती, तर विचारायला आपण इथे नसतो. मी त्याच खोलीत इस्त्री करत होते. हे ऐकताना माझ्या मनात आलं, की इस्त्रीचे कपडे अजून आतच आहेत.

पूर्ण ओळ रिकामी करायला लावली. भोवती पत्रे ठोकलेत. पुढच्या ओळीतले लोक राहतातच आहेत; त्यांच्याकडे अजून काही निघालेलं नाही. शेजारचे काका सामान हलवताना म्हणाले, "घर दरवर्षी उंच होत होतं, शेवटी हाताबाहेर गेलं." कोणी हसलं नाही, पण त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी मान डोलावली.

आम्ही गाडी शिकवायच्या दुकानावरच्या खोलीत आलोय. हे बोलत नाहीत. काल संध्याकाळी आले आणि दारातच उभे राहिले. मी म्हटलं, "आत या ना." तर म्हणाले, "पाय धुवायला पाणी आहे का?" ताई, मी लग्न होऊन आल्यापासून त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मी बादली दिली. ते किती तरी वेळ पाय धूत होते. मी आत भांडी लावत राहिले.

मागच्या खोलीची किल्ली माझ्याकडे आहे. राहिलेल्या वस्तू आणायला एकदा आत जाऊ देणार आहेत. आईंना काही हवं असेल तर विचारून ठेवा.

वहिनी


१२ मार्च

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

लेक कामावर गेलीय. तू तिला लिहिलेलं पत्र तिने मला वाचून दाखवलं, मधलं काही गाळून. गाळलेलं मी नंतर चष्मा लावून वाचलं. तुम्हाला वाटतं तेवढं म्हातारीला कमी दिसत नाही. उत्तर मीच लिहिते म्हटलं, तर तिने कागद काढून दिला. अक्षर वेडंवाकडं आहे, लावून घे.

मला इथे कसलीही कमी नाही. लेक माझं फार करते. आंघोळीच्या पाण्यात हात घालून तिला गरम-गार कळत नाही, म्हणून बादलीवर वाकून गाल लावून बघते. मी ते बघत बसते. तिला म्हटलं, "अगं, मला तरी कुठे कळतंय? दोघी सारख्याच." ती हसली, पण गाल लावायचं सोडत नाही. बोटं गेली ती मला कळलीच नाहीत. कळली असती तर रडले तरी असते. पट्टी सोडली की पाहते, आणि दुसऱ्या कुणाचा पाय आहे असं वाटतं.

आता तुला एक सांगते, ते या दोघा भावंडांना सांगू नकोस. फरशी कशाने गरम आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

तुझे सासरे सांगायचे, डोंगर आतून गरम असतो. थंडीत जेवायच्या सुट्टीत सगळे गडी बूट काढून त्यावर उभे राहायचे. ते घरी यायचे तेव्हा त्यांचे पाय उबदार असायचे, आणि मी दारातच गार पाण्याची बादली पुढे करायची. रोज. पोरं लहान होती, घाण आत यायला नको, म्हणून. माझं चुकत नव्हतं. पण ऊब सगळी मोरीत जायची. एकदा मी तापाने अंथरुणात होते आणि बादली ठेवायला कुणी नव्हतं. ते तसेच आत आले, माझ्या पायथ्याशी बसले, आणि माझे गारठलेले पाय त्यांनी आपल्या पायांवर घेतले. तेवढी एकच संध्याकाळ. मी त्यांना तेव्हाही म्हणाले होते, "धुतले नाहीत ना?"

त्या कोपऱ्यात पाय टेकले आणि मला ते पाय ओळखू आले. खरंच कळत होतं, की मीच मनाने धरलं होतं, ते सांगता येणार नाही. तुझं रीळ मला पायाने कधीच कळलं नाही. घरंगळताना आवाज यायचा, म्हणून अडवायची. पण ऊब वर पोटऱ्यांपर्यंत यायची, ते खोटं नव्हे. म्हणून बोलले नाही. बोलले असते तर खुर्ची हलवली असतीत. आणि माझ्या पोराने एवढ्या हौसेने खोली बांधली होती.

त्याला दोष देऊ नकोस. देत नसशीलच. पण गप्पही बसू नकोस त्याच्याबरोबर. तुम्ही दोघं फार गप्प बसता.

तू विचारलंस, तिथलं काही हवं का. वस्तू काही नको. मेणबत्त्या टाकून दे, कपाट कुणाला तरी दे. किल्ली तुझ्याकडे आहे. तू आत जाशील त्या दिवशी मला बरोबर ने. गाडी तो शिकवणीची आणील, मी मागे बसेन. खुर्चीही नको, मी उभी राहीन, तू धर. घटकाभरच. पत्र्याच्या आत जास्तीचं माणूस सोडत नाहीत, डॉक्टर ओरडतील, लेक तर बोलायचीच बंद होईल, सगळं मला ठाऊक आहे. तू नाहीच म्हणणार. तुझ्या जागी मी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं, वर चार शब्द सुनावले असते. तरी विचारते. मला एकदा त्या कोपऱ्यात अनवाणी उभं कर, आणि बाहेर आल्यावर लगेच पाय धुवायला लावू नकोस.

तुझी,
आई